ठरलेली किंमत कोणी ठरवली? गटाने गाडी घेण्याचा आढावा

सालवडमध्ये कोणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की बॉनेटवरचा हार सुकायच्या आत शेजारी विचारतात, "ऑन रोड कितीला पडली?" पेढा हातात असतो आणि डोक्यात हिशेब चालू असतो, कारण विचारणाऱ्यालाही वर्ष-दोन वर्षांत गाडी घ्यायची असते. दिवस-रात्र पाळीचं काम, बोईसर स्टेशनपर्यंतची रिक्षा, २०१३ पासून डहाणूपर्यंत येऊ लागली तरी भरभरून धावणारी लोकल आणि रात्री-अपरात्री घरात कोणी आजारी पडलं तर पालघर किंवा पुढे मुंबईची वाट. तारापूर एमआयडीसीच्या आधाराने राहणाऱ्या माणसाला गाडी गरजेची वाटते, आणि आयुष्यात घरानंतर एवढी मोठी रक्कम तो दुसऱ्या कशावरही एकदम खर्च करत नाही.

मागे आमच्या गल्लीत आठ दिवसांच्या अंतराने एकाच मॉडेलच्या, एकाच व्हेरियंटच्या दोन गाड्या आल्या. एक घेणारा मोठ्या कंपनीत कायम नोकरीत. त्याच्या कंपनीचं नाव शोरूमच्या यादीत होतं, म्हणून त्याला ७,००० रुपयांची कॉर्पोरेट सूट मिळाली. दुसरा त्याच पट्ट्यात ठेकेदाराच्या पगारावर काम करणारा. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे सूटही नाही. दोघांची कोटेशनं मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. सूट मिळालेल्याच्या कागदावर १६,५०० रुपयांचं ॲक्सेसरीज किट होतं, ५,००० रुपयांचं हँडलिंग होतं आणि विमा शोरूमचाच होता. दुसऱ्याने किट नाकारलं, हँडलिंग खोडायला लावलं आणि विमा बाहेरून ९,००० रुपयांनी स्वस्त आणला. बेरीज-वजाबाकी केली तेव्हा सूट न मिळालेल्याची गाडी २३,५०० रुपयांनी स्वस्त पडली होती. यादीत नाव असणं आणि खरोखर कमी पैसे मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दोन कागदांनी दाखवलं, आणि या विषयाच्या मागे लागावंसं वाटलं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कॉस्टको हे नाव चांगलं ठाऊक असतं. वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि घाऊक भावात सामान आणायचं असं ते दुकान. तिथल्या सभासदाला गाडीही ठरलेल्या भावात मिळण्याची सोय आहे. कॉस्टको स्वतः गाडी विकत नाही. ठिकठिकाणच्या डीलरांशी आधीच भाव ठरवून ठेवते. सभासद नेमून दिलेल्या डीलरकडे जातो आणि तिथला माणूस त्याला सभासदांचा दर लिहिलेला कागद दाखवतो. घासाघीस नाही. वर्गणीदार लाखोंनी असल्यामुळे डीलरला गिऱ्हाईक आयतं मिळतं आणि गिऱ्हाइकाला निवांतपणा. आपल्याकडे असा सर्वांना खुला असलेला क्लब रुजलेला नाही, पण त्याचे भाईबंद बरेच आहेत. काही सरकारी आहेत, काही व्यापाऱ्यांचे, काही कंपन्यांचे. ते एकाच नजरेखाली घेतले की एक प्रश्न सगळीकडे पुन्हा पुन्हा समोर येतो. किंमत ठरलेली आहे हे ठीक, पण ती ठरवली कोणी आणि कोणासाठी?

ठरलेली किंमत म्हणजे आपोआप ग्राहकाचं हित, असं मानणाऱ्यांनी आपल्याच जुन्या दिवसांकडे पाहावं. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री सरकारी चौकटीत आली होती. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमतीच ठरवून दिल्या. कुर्ल्याला फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. पण कागदावर ठरलेल्या किमतीला गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, आणि ज्याला घाई असेल तो नंबर लागलेल्या माणसाला वरचे पैसे मोजून गाडी घेई. बाजारात त्याला 'ऑन' म्हणत. किंमत ठरली होती, माल मात्र पुरेसा नव्हता, आणि मधला फरक तिसऱ्याच्याच खिशात गेला.

सभासदांसाठी ठरलेल्या किमतीची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि भक्कम व्यवस्था लष्कराची. कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ साली सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय मुंबईतच आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरात माजी सैनिक आहे, तिथे 'कँटीनची गाडी' हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. साबण, तेल, बिस्किटं कँटीनच्या फळीवरून मिळतात. गाडी मात्र मागणी नोंदवून घ्यावी लागते. मॉडेलची यादी आणि किमती आधीच ठरलेल्या असतात. सैनिक किंवा माजी सैनिक आपल्या कार्डावर मागणी नोंदवतो, डीलरकडून गाडी उपलब्ध असल्याचा कागद घेतो आणि पैसे डीलरला न देता सीएसडीला भरतो. मग डेपोतून पुरवठ्याचा आदेश निघतो आणि तो दाखवल्यावर डीलर गाडी ताब्यात देतो. जानेवारी २०२१ पासून हे ऑनलाइनही करता येतं.

इथली बचत मुख्यतः करातून येते. सीएसडीला जीएसटीचा निम्मा भाग परत मिळतो आणि तो फायदा किमतीतून सैनिकापर्यंत पोहोचतो. छोट्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता तेव्हा हा फरक घसघशीत दिसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे कँटीनचा आणि बाहेरचा भाव थोडे जवळ आले. तरीही किमतीच्या हिशेबात तो फायदा कमी म्हणता येणार नाही. अर्थात सवलत आहे तिथे मर्यादाही आहे. २०१९ मध्ये नियम कडक झाले आणि अधिकाऱ्यांना ८ वर्षांतून एकदा, जीएसटी सोडून १२ लाखांपर्यंतच्या किमतीची गाडी घेण्याची मर्यादा घातली गेली. सरकारी तिजोरीतून दिलेली सूट कोणाला, किती वेळा मिळावी हे ठरवणं रास्तच होतं.

तारापूरच्या माणसाला या व्यवस्थेचं धाकटं भावंड जास्त जवळचं. इथल्या अणुवीज केंद्राच्या पहाऱ्यावर सीआयएसएफचे जवान असतात. हे केंद्रीय सशस्त्र दल असलं तरी लष्कर नव्हे, म्हणून सीएसडीचं दार त्यांना उघडं नाही. त्यांच्यासाठी २००६ साली केंद्रीय पोलीस कँटीन सुरू झालं, तेच पुढे केंद्रीय पोलीस कल्याण भांडार झालं. तिथेही गाड्यांच्या ठरलेल्या किमती होत्या, पण जीएसटीची सवलत बरीच वर्षं नव्हती. उन्हातान्हात तसाच पहारा करणाऱ्या दोन जवानांपैकी एकाला करात सूट आणि दुसऱ्याला नाही, ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना बोचत होती. १ एप्रिल २०२४ पासून गृहमंत्रालयाने निम्म्या जीएसटीइतकं साहाय्य लागू केलं. उशीर झाला, पण निर्णय योग्य झाला असं मी म्हणेन.

सरकारी मदत नसताना केवळ एकत्र येऊन काय साधता येतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजकांनी, व्यावसायिकांनी, डॉक्टरांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार ६५ कोटी रुपयांच्या घरातला. तेव्हाच्या बातम्यांत झगमगाट फार दिसला. मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, आणि दुष्काळी भागात हा दिखावा कशाला अशी टीकाही झाली. मला त्या व्यवहारातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्टेट बँकेने त्यातल्या ४० कोटींहून अधिक रकमेला कर्ज दिलं, ते ७ टक्के व्याजाने. वाहनकर्जाला त्या काळी एकट्या-दुकट्याला असा दर मिळत नसे. म्हणजे गटाने गाडीचा भाव पाडून घेतलाच आणि पैशाचाही भाव पाडून घेतला. शोरूममध्ये घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून नेमकी हीच दुसरी बाजू सुटते.

आकडे मांडून पाहा. ६ लाखांचं कर्ज, ५ वर्षं मुदत. ९ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १२,४५५ येतो, साडेदहा टक्क्यांनी १२,८९६. महिन्याला ४४१ रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ६० हप्त्यांत ते २६,००० च्या वर जातात. ज्या ७,००० च्या कॉर्पोरेट सुटीसाठी माणूस तीन शोरूम पालथे घालतो, तिच्या जवळजवळ पावणेचारपट रक्कम तो व्याजदर न विचारता देऊन मोकळा होतो. त्यात कोणी 'फक्त सहा टक्के' म्हणालं तर आधी विचारावं, फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे व्याज पूर्ण मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? ५ वर्षांच्या कर्जाला ६ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगने जवळजवळ ११ टक्के पडतात.

औरंगाबादनंतरचं ठळक उदाहरण २०२५ चं. जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन, म्हणजे जितो, या संघटनेने सभासदांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या १८६ महागड्या गाड्यांचा सौदा ठरवला. सुमारे १५० कोटींच्या खरेदीत २१ कोटींची बचत झाली. दर गाडीमागे सरासरी ११ लाखांहून अधिक. संघटनेने यात नफा घेतला नाही, भाव ठरवून देण्याचं काम तेवढं केलं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच हे परवडतं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण महागडी गाडी घेणाऱ्याला एकत्र येणं फायद्याचं वाटतं, तर हप्त्यावर गाडी घेणाऱ्याला ते दुप्पट गरजेचं आहे.

आता या चित्राची उलटी बाजू, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. किंमत ग्राहकांच्या गटाने ठरवून घेतली तर ती खाली येते. विकणाऱ्याने वरून लादली तर खाली येणारी किंमतही अडते. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली. तक्रार होती ती मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून होणाऱ्या कंपनीच्या विभागातली, म्हणजे आपल्याच घरातली. कंपनीने ग्राहकाला किती सूट द्यायची याची कमाल मर्यादा डीलरांना घालून दिली होती. एखाद्या डीलरने पदरचे पैसे घालून जास्त सूट दिली किंवा जास्तीच्या वस्तू फुकट दिल्या तर त्याला दंड. तो सापडायचा कसा, हेही आयोगाच्या आदेशात सविस्तर आहे. कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात आणि बोलणं रेकॉर्ड करून पाठवत. जादा सूट देऊ करणारा सापडला की शोरूमबरोबरच विक्री करणारा मुलगा, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांच्यावरही दंड लागे.

"दादा, याच्यापुढे एक रुपया सोडता येणार नाही," असं विक्री करणारा मुलगा सांगतो तेव्हा तो थाप मारतो असं आपण धरून चालतो. कदाचित तो खरंच सांगत असेल. मारुती सुझुकीने आयोगाच्या या आदेशाला अपिलात आव्हान दिलं. त्याआधी २०१७ मध्ये अशाच आरोपावरून ह्युंदाईला ८७ कोटींचा दंड झाला होता, तो पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला. त्यामुळे कायद्याचा शेवटचा शब्द काय असेल तो असो. आयोगाच्या चौकशीतून कामाची जी पद्धत उघड झाली ती ग्राहकाने लक्षात ठेवावी अशीच आहे.

कंपनीनेच एक किंमत ठरवायची आणि ती सगळ्यांना उघड सांगायची, हा तिसरा मार्ग. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात तो धरला. गाड्यांचा साठा कंपनीचा, देशभर किंमत एकच आणि डीलरला कमिशन. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९० साली सॅटर्न नावाची गाडी 'भाव एकच' या बोलीवर विकायला आणली होती. २०१० मध्ये ती गाडीच बंद पडली. या पद्धतीत बोलणारा आणि न बोलणारा दोघांना सारखी वागणूक मिळते, हा मोठा गुण. घासाघीस न जमणारी माणसं, पहिल्यांदाच शोरूमची पायरी चढणारं गावाकडचं कुटुंब, एकटी जाणारी बाई यांची फसगत टळते. किंमत मात्र खाली येईलच असं नाही, कारण शेजारच्या डीलरकडे जाण्याचं हत्यार हातातून गेलेलं असतं.

आता बोईसरला परत येऊ. इथल्या शोरूममध्ये कोटेशन मागितलं की सुटीच्या जागी साधारण तीन ओळी असतात. सगळ्यांसाठीची ऑफर, जुन्या गाडीवरचा एक्स्चेंज बोनस आणि कॉर्पोरेट. कॉर्पोरेटचा आधार म्हणजे यादी. अणुवीज केंद्रातले आणि बीएआरसीतले सरकारी कर्मचारी, शिक्षक, बँकेतले लोक, मोठ्या औषध कंपन्यांतले कायम कामगार यांची ओळखपत्रं चालतात. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्यांना सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर घेण्याची मुभाही आहे. दर दोन वर्षांनी कर भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच. पण हजाराच्या वर कारखाने असलेल्या या पट्ट्यात घाम गाळणारे बहुसंख्य हात ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. एकाच रिअ‍ॅक्टरपाशी, एकाच पाळीत उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या गळ्यातलं कार्ड शोरूमला चालतं, दुसऱ्याचं नाही. ज्याला सवलतीची जास्त गरज, तोच यादीबाहेर. मला हे खटकतं, आणि यावर इलाज इथल्या इथे होऊ शकतो असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी कोटेशनचा कागद कसा वाचायचा ते सांगतो, कारण गट असो वा एकटा माणूस, शेवटी सगळं त्याच कागदावर येतं. ८ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ८८,०००. यात कोणी एक रुपया कमी करू शकत नाही. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के, म्हणून 'कंपनीच्या नावावर घे, फायदा होतो' हा सल्ला ऐकण्याआधी हिशेब करावा. सीएनजीला कर कमी आहे, पण जुलै २०२५ पासून तो एका टक्क्याने वाढला. १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो. तो प्राप्तिकरात वळता होतो, ते पैसे सोडू नयेत. नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग यांची रक्कम ठरलेली असते.

यानंतर येतो विमा, आणि इथेच खरी गंमत सुरू होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सगळीकडे सारखा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्यावरचं झिरो डेपसारखं जादा संरक्षण मात्र कंपनीगणिक बदलतं. मी गाडी घेतली तेव्हा शोरूमने विम्याचे ४१,००० लिहिले होते. त्याच संरक्षणाचं बाहेरचं कोटेशन २९,५०० चं आलं. ते दाखवल्यावर उत्तर मिळालं, "बाहेरचा विमा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही." घरचे सगळे सोबत होते, मुलगी गाडीत बसून स्टिअरिंग धरून होती. अशा वेळी माणूस वाद घालत नाही. मी लेखी द्या म्हटलं. लेखी कोणी दिलं नाही. विमा ३३,००० वर आला आणि मी तो घेतला. विमा नियामकाने २०१७ मध्येच स्पष्ट केलेलं आहे की विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती ग्राहकावर करता येत नाही. हे वाक्य पाठ असतं तर आणखी साडेतीन हजार वाचले असते.

उरलेल्या ओळी म्हणजे ॲक्सेसरीज किट, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स. वॉरंटी जास्त वर्षं गाडी ठेवणाऱ्याने घ्यावी. कोटिंगची घाई नसते. गाडी डेपोतून शोरूमपर्यंत आणणं हे विकणाऱ्याचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

डीलर हा लुटारू, असं मात्र मी म्हणणार नाही. गाडीच्या किमतीत त्याला मिळणारा वाटा साधारण ३ ते ७ टक्के. त्यातून जागेचं भाडं, पगार आणि उभ्या असलेल्या गाड्यांवरचं बँकेचं व्याज जातं. म्हणून तो विम्याच्या कमिशनवर, कर्ज मिळवून दिल्याच्या मोबदल्यावर, ॲक्सेसरीजवर आणि सर्व्हिसिंगवर जगतो. त्याला कंपनीकडून महिन्याचं टार्गेट असतं आणि ते गाठलं की वेगळा बोनस मिळतो. गटखरेदीची किल्ली याच ठिकाणी आहे. एकटा माणूस ५,००० सोडा म्हणतो तेव्हा ते डीलरच्या वाट्यातून जातात. २० जण एकत्र येऊन एका महिन्यात गाड्या घेऊ म्हणतात, तेव्हा त्याचं टार्गेट पुरं होतं आणि त्या बोनसमधून तो बरंच काही सोडू शकतो. दोघांचंही भलं होतं.

एकत्र येऊन खरेदी करण्याची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. बिंदुमाधव जोशींसारखा कार्यकर्ता आणि सुधीर फडक्यांसारखा कलावंत या चळवळीत होता. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल थेट उत्पादकाकडून घाऊक यायचा आणि सभासदांनी आळीपाळीने तो वाटायचा. दुकानदाराशी भांडण नाही, दलाल नाही. कित्येक घरांत तूरडाळ आणि साबण अशा पद्धतीने पन्नास वर्षं येत आहेत. डाळीला जे जमलं ते गाडीला का जमू नये?

गाडीसाठी तर आपल्याकडे तयार सांगाडा आहे, पगारदार नोकरांच्या पतसंस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लेखी संमती दिली की मालक पगारातून हप्ता कापून संस्थेला देतो. वसुलीची एवढी खात्री असलेलं कर्ज कोणत्याही बँकेला हवंसं वाटेल. औरंगाबादच्या उद्योजकांनी पत दाखवून जो व्याजदर मिळवला, तसाच चांगला दर पगारकपातीची हमी दाखवून तारापूरच्या कामगारांना मागता येईल. चार-पाच संस्थांनी मिळून सभासदांकडून नावं घ्यावीत. कोणाला कोणत्या गटातली गाडी हवी, किती कर्ज लागेल, जुनी गाडी द्यायची आहे का, एवढंच. मग बोईसर, पालघर, वसईच्या डीलरांकडून बंद पाकिटात दर मागवावेत. दर मागताना 'किती सूट' असं न विचारता ऑन रोड किंमत ओळीनिहाय मागावी. डीलरचा विमा ऐच्छिक, किट ऐच्छिक, हँडलिंग शून्य, गाडी चालू वर्षात बनलेली, चेसिस नंबर पैसे भरण्याआधी कळवायचा, हे आधीच लिहून घ्यावं. कमिशन म्हणून संस्थेच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला काही मिळणार नाही हेही लिहावं. ते लिहिलं नाही तर पहिल्याच वर्षी संशयाने सगळं मोडतं.

अडचणी आहेत. सगळ्यांना एकच गाडी नको असते. एक्स्चेंजची किंमत प्रत्येक जुन्या गाडीची वेगळी, तिथे फसायला जागा राहते. म्हणून ती गटाच्या सौद्यातून वेगळी ठेवलेली बरी. गर्दीच्या मॉडेलला वेटिंग असतं, त्यावर कोणी सूट देणार नाही. दमणचा कर कमी म्हणून तिथला पत्ता दाखवून गाडी घ्या असा सल्ला देणारेही गटात निघतील. त्यांना ठाम नकार द्यावा. राहतो त्याच राज्यात गाडीची नोंद करणं कायद्याचं आहे आणि पुढचा मनस्ताप त्याहून महाग पडतो. ठेकेदारी कामगाराचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याच्या पगारातून कपात करणारा मालक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. त्याला गटाच्या कर्जात नाही तरी गटाच्या भावात घेता येईल. डीलरने गळ्यातलं कार्ड न पाहता यादीतलं नाव पाहावं, आणि ती यादी आपण करावी.

तारापूरच्या उद्योजकांची टिमा ही संघटना आहे, कामगार संघटना आहेत, पतसंस्था आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर हे एका मोसमात होण्यासारखं आहे. वेळही सोयीची. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. त्याच सुमारास पितृपक्ष येतो, तेव्हा शोरूममध्ये शुकशुकाट असतो आणि महिन्याचं टार्गेट डीलरच्या डोक्यावर बसलेलं असतं. २० नावांची यादी आणि लेखी मागणी घेऊन कोणी गेलं तर त्याला खुर्ची आणि चहा दोन्ही मिळतील. बुकिंग पितृपक्षात करा, डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. श्रद्धाही सांभाळली जाते आणि पैसाही.

तेव्हा सालवड, पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवलीत राहणाऱ्या प्रत्येक सभासदाला माझी विनंती आहे. यंदा आपल्या पतसंस्थेच्या सभेची नोटीस आली की ती घडी घालून ठेवून देऊ नका. सभेआधी सचिवांकडे 'सभासदांसाठी सामूहिक वाहनखरेदी' हा विषय लेखी द्या, पोच घ्या आणि सभेला स्वतः हजर राहून तो मांडा.